मॅग्नेशिअमचं चाक राखताना

१९६५ साली अल्फा रोमिओने आपल्या ज्युलिया स्प्रिंट जीटी या देखण्या कूपेची शर्यतीसाठी एक आवृत्ती काढली. तिचं नाव जीटीए. त्यातला शेवटचा ‘ए’ म्हणजे इटालियन ‘अलेजेरिता’, अर्थात हलकी केलेली. कारखान्याने हे नाव मनावर घेतलं होतं. पोलादी पत्र्यांच्या जागी ॲल्युमिनिअमचे पत्रे आले, इंजिनावरची झाकणं मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूची झाली आणि चाकं आली ती व्हिचेन्झाच्या काम्पान्योलो कंपनीकडून, तीही मॅग्नेशिअमचीच. मूळ गाडीच्या तुलनेत जीटीए सुमारे २०० किलोंनी हलकी भरली.

आज अशा गाडीचं एखादं मूळ चाक दुरुस्तीच्या बाकावर येतं, तेव्हा त्यावर रंगांचे तीन-चार थर चढलेले असतात. आऱ्यांच्या बेचक्यांत पांढरी भुकटी साचलेली असते. टायर जिथे घट्ट बसतो त्या कडेला काळपट खड्डे पडलेले असतात. पुढच्या तासाभरात कारागीर हातात काय घेतो, यावर त्या चाकाचं आयुष्य अवलंबून असतं. बाजारात मिळणारे बहुतेक व्हील क्लीनर, घासण्या आणि ब्लास्टिंगची यंत्रं पोलाद किंवा ॲल्युमिनिअम डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहेत आणि मॅग्नेशिअमचे नियम निराळे आहेत. काही बाबतींत तर थेट उलटे आहेत. ही प्रस्तावना त्या तासाभराच्या आधी वाचायची आहे.

मुळात हा धातू चाकात आला तो वजनासाठी. एक घन सेंटीमीटर पोलादाचं वजन ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनिअमचं २.७० आणि मॅग्नेशिअमचं अवघं १.७४. गाडीच्या बाकी भागात एक किलो वाचवणं आणि चाकात एक किलो वाचवणं यांत फार फरक आहे. चाक, टायर आणि ब्रेक हे स्प्रिंगच्या खालचं वजन. रस्त्यात उंचवटा आला की हे वजन वर उसळतं आणि ते जितकं जड, तितका टायर जमिनीला पुन्हा टेकायला उशीर लावतो. तेवढ्या वेळात ना ब्रेक नीट लागत, ना वळण साधत. शिवाय चाक फिरतं. त्याला वेग देताना आणि थांबवताना इंजिनाला आणि ब्रेकला जास्तीचं काम पडतं. शर्यतीच्या गाडीसाठी ही बचत सोन्यासारखी होती.

अर्थात तक्त्यातले आकडे चाकात जसेच्या तसे उतरत नाहीत. मॅग्नेशिअमचा ताठरपणा ॲल्युमिनिअमच्या दोन तृतीयांशांहूनही कमी आहे. त्यामुळे आरे जाड ठेवावे लागतात, हबभोवती जास्त धातू द्यावा लागतो आणि वाचवलेल्या वजनातलं थोडं परत जातं. जुन्या मॅग्नेशिअम चाकांचं ते भरदार, ठसठशीत रूप असं गरजेतून आलेलं आहे.

हंफ्री डेव्ही यांनी १८०८ साली मॅग्नेशिअम वेगळं केलं, तरी बांधकामाचा धातू व्हायला त्याला शतक लागलं. जर्मनीतल्या ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन या रसायन कंपनीने १९०९ मध्ये फ्रांकफुर्टच्या विमान प्रदर्शनात मॅग्नेशिअमचा मिश्रधातू मांडला. त्याचं नाव इलेक्ट्रॉन. हेच नाव पुढे इटालियन चाकांच्या मागच्या बाजूला कोरलेलं सापडतं. मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, त्याच धातूच्या एक-एक किलोच्या आगलाव्या बाँबनी लंडनची घरं पेटवली होती. युद्धाची गरज भागवण्यासाठी अमेरिकेने मॅग्नेशिअमचं उत्पादन अफाट वाढवलं. टेक्सासमध्ये फ्रीपोर्टला डाऊ केमिकलने १९४१ पासून समुद्राच्या पाण्यातून ते काढायला सुरुवात केली आणि नेवाडाच्या वाळवंटात हेंडरसनला प्रचंड कारखाना उभा राहिला. युद्ध संपलं, विमानांची मागणी आटली आणि हा धातू, तो ओतण्याचं कसब असलेली माणसं आणि भट्ट्या, सगळंच मोकळं झालं.

कॅलिफोर्नियात टेड हॅलिब्रँड यांनी नेमकं हेच हेरलं. वाळूच्या साच्यात ओतलेली त्यांची मॅग्नेशिअम चाकं आधी छोट्या मिजेट गाड्यांवर आणि मग इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरली. १९५० च्या दशकात तिथल्या रोडस्टर गाड्यांवर हॅलिब्रँड चाकं सर्रास दिसत. पुढे शेल्बी कोब्रा आणि फोर्ड जीटी४० या गाड्याही त्यांच्यावर धावल्या. सॅन फ्रान्सिस्कोत १९५६ साली सुरू झालेल्या अमेरिकन रेसिंग कंपनीने ड्रॅग शर्यतींचं मैदान धरलं. ब्रिटनमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला मिनीसाठी आठ आऱ्यांचं मिनिलाइट आलं आणि रॅलीच्या गाड्यांनी ते उचललं. १९६६ ची लॅम्बोर्गिनी मिऊरा काम्पान्योलोच्या मॅग्नेशिअम चाकांवर उभी होती. पाठोपाठ १९६७ ची टोयोटा २०००जीटी हा जपानी चमत्कारही मॅग्नेशिअमच्याच चाकांवर आला.

या सगळ्यातून ‘मॅग’ हे नाव इतकं लोकप्रिय झालं की धातू बदलला तरी नाव टिकलं. १९६४ चं क्रेगर एसएस हे त्याचं ठळक उदाहरण. पोलादी कड, ॲल्युमिनिअमचा मधला भाग आणि वर क्रोम असलेलं हे चाक अमेरिकेतल्या पोरांनी मॅग म्हणूनच विकत घेतलं. पोर्शेची प्रसिद्ध फुक्स चाकं घडीव ॲल्युमिनिअमची आहेत, पण त्यांनाही कुणी सहज मॅग म्हणून जातं. आपल्याकडे मोटारसायकलच्या ओतीव चाकांना गॅरेजवाले मॅग व्हील म्हणतात, तीही ॲल्युमिनिअमचीच. त्यामुळे विकणाऱ्याने काय सांगितलं यावर विसंबून कुठलंही काम सुरू करू नये. चाक कशाचं आहे ते आधी पक्कं करावं.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे नखाएवढी जागा घासून उघडी करायची आणि तिथे साध्या व्हिनेगरचा एक थेंब सोडायचा. मॅग्नेशिअम असेल तर थेंब लगेच बारीक बुडबुड्यांनी फसफसतो. तो वायू हायड्रोजन असतो. ॲल्युमिनिअमवर तोच थेंब शांत पडून राहतो. खूण पटली की ती जागा पाण्याने धुऊन कोरडी करायची. एवढ्या एका थेंबात या धातूचा सगळा स्वभाव कळतो, कारण जे व्हिनेगर सेकंदात करतं तेच काम दमट हवा वर्षानुवर्षं करत असते.

पण ॲल्युमिनिअमही हवेशी चटकन संयोग पावतं, मग ते असं का सडत नाही? पिलिंग आणि बेडवर्थ या दोन संशोधकांनी १९२३ साली या प्रश्नाला एक सोपं माप दिलं. धातूपासून बनलेलं ऑक्साइड मूळ धातूच्या तुलनेत किती जागा व्यापतं, एवढंच त्यांनी पाहिलं. ॲल्युमिनिअमच्या बाबतीत हे गुणोत्तर १.२८ येतं. म्हणजे ऑक्साइड पृष्ठभाग पुरा झाकून वर उरतं आणि घट्ट आवरण तयार होतं. मॅग्नेशिअमचं गुणोत्तर ०.८१ आहे. ऑक्साइड तोकडं पडतं, थराला भेगा राहतात आणि त्या भेगांतून ओल आत शिरत राहते. पांढरी भुकटी दिसते ती या सततच्या व्यवहाराची राख.

दुसरं कारण लोखंड. विद्युत-रासायनिक क्रमवारीत मॅग्नेशिअम अगदी टोकाला बसतं. त्याचं प्रमाण विभव उणे २.३७ व्होल्ट, तर लोखंडाचं उणे ०.४४. दोन्ही धातू एकमेकांना चिकटले आणि मध्ये खारट ओल आली की एक लहानशी बॅटरी तयार होते आणि त्या बॅटरीत झिजतं ते मॅग्नेशिअम. हे लोखंड बाहेरूनच यायला हवं असं नाही. डाऊ केमिकलच्या हॅनावाल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की शुद्ध मॅग्नेशिअममध्ये लोखंडाचं प्रमाण ०.०१७ टक्क्यांच्या पुढे गेलं की क्षरणाचा वेग एकाएकी कित्येक पटींनी वाढतो. निकेल आणि तांब्याच्याही अशाच मर्यादा आहेत. वितळलेलं मॅग्नेशिअम पोलादी पात्रांत हाताळलं जाई आणि त्यात थोडंफार लोखंड उतरत असे. ही अशुद्धी काटेकोरपणे आवरणारे मिश्रधातू १९८० च्या दशकात प्रचारात आले. साठच्या दशकातल्या चाकाच्या पोटातच त्याच्या ऱ्हासाचं बी असू शकतं ते असं. एकाच गाडीची चार चाकं एकाच छपराखाली ठेवूनही त्यातलं एखादं जास्त सडलेलं निघतं, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की साफसफाईचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच-लिंबाने उजळतात. आम्ल काळा थर विरघळवतं आणि खालचा धातू झळकतो. मॅग्नेशिअमला हा उपाय घातक आहे. आम्ल थर तर खातंच, पण धातूही खात सुटतं. व्हिनेगर, लिंबू, फॉस्फरिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल असलेले व्हील क्लीनर, गंज काढायची द्रावणं, यांपैकी काहीही चाकाजवळ आणू नये. झटपट चमक देणाऱ्या फवाऱ्यांच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचावीत आणि शंका असेल तर बाटली ठेवून द्यावी. याच्या उलट अल्कली. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनिअमचं चाक काही मिनिटांत काळंठिक्कर पडतं, मॅग्नेशिअम मात्र त्यात सुखरूप राहतं, कारण सामू ११ च्या आसपास किंवा त्याहून वर असला की त्याच्यावरचं हायड्रॉक्साइडचं आवरण टिकून राहतं. कारखान्यांत मॅग्नेशिअमचे भाग तीव्र अल्कलीतच धुतात. पण घरच्या मोरीत हा प्रयोग करू नये. एक तर सोड्याने हात आणि डोळे जातात. दुसरं म्हणजे अनेक जुनी चाकं पूर्णतः मॅग्नेशिअमची नसतात. मध्यभाग मॅग्नेशिअमचा आणि कड ॲल्युमिनिअमची अशी जोडचाकंही आहेत, त्यांना हे स्नान अर्ध्या अंगाने मारक ठरेल.

रोजच्या देखभालीला कोमट पाणी, मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरतो. खरं काम धुतल्यानंतरचं असतं. पाणी चाकावर वाळू द्यायचं नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने आऱ्यांच्या बेचक्या, नटांची भोकं, व्हॉल्व्हची जागा उडवून घ्यायची आणि मऊ कापडाने पुसायचं. ब्रेकची काळी धूळ जितकी वारंवार काढाल तितकं बरं. ती म्हणजे नुसता मळ नव्हे. तिच्यात ब्रेकच्या बिडाचे सूक्ष्म कण असतात आणि प्रत्येक कण ओल मिळताच वर सांगितलेल्या बॅटरीचं एक टोक बनतो.

त्याच न्यायाने तारेचा ब्रश आणि स्टीलची घासणी वर्ज्य. त्यांनी चाक पांढरं होतं खरं, पण पोलादाचे अदृश्य तुकडे मऊ धातूत रुतून बसतात. पहिल्या पावसाळ्यात तिथे ठिपके उमटतात आणि मालक रंगाला दोष देतो. ब्लास्टिंगचंही तसंच. पोलादी छर्रे किंवा आधी लोखंडी कामासाठी वापरलेली वाळू चालत नाही. प्लास्टिकचे कण किंवा स्वच्छ काचेचे मणी, तेही कमी दाबाने. आणखी एक गोष्ट हळव्या मनाने सांगावीशी वाटते. हॅलिब्रँडच्या चाकावर वाळूच्या साच्याचा जो दाणेदार पोत असतो तो त्या चाकाचा चेहरा आहे. अति ब्लास्टिंगने किंवा पुटी भरून तो गुळगुळीत केला की चाक जुनं राहत नाही, फक्त वयस्कर राहतं.

ब्लास्टिंगच्या आधी एक काम आहे आणि ते बहुतेक जण नंतरवर टाकतात. ते म्हणजे तडे शोधणं. ब्लास्टिंग आणि घासण्याने मऊ धातू पसरतो आणि बारीक तड्याचं तोंड लिंपलं जातं. म्हणून तड्यांची पहिली चाचणी ब्लास्टिंगच्या अगोदर, रासायनिक रीतीने रंग उतरवून केलेली बरी. मॅग्नेशिअम लोहचुंबकीय नसल्याने पोलादाला लागू पडणारी चुंबकीय चाचणी इथे उपयोगाची नाही. इथे डाय पेनिट्रंट वापरतात. लाल किंवा चमकणारा पातळ रंग चाकावर लावायचा, तो तड्यांत झिरपू द्यायचा, वरचा पुसून टाकायचा आणि पांढरी डेव्हलपर पावडर फवारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आऱ्यांची मुळं, नटांच्या भोकांभोवतीची जागा आणि टायरची बैठक इथे विशेष नजर ठेवावी. ओतकामातली आतली पोकळी शोधायला क्ष-किरण लागतात आणि वेगाने चालवायच्या गाडीसाठी तो खर्च टाळू नये. आऱ्याला तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर आणणं हा जिवाशी खेळ आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालच्या धातूची उष्णोपचारातून आलेली ताकद जाते. असं चाक भिंतीवर टांगावं, गाडीला लावू नये.

आता पॉलिश. या विषयाकडे बहुतेकांना ओढून आणतं ते हेच.

नीट घासलेलं मॅग्नेशिअम सुंदर दिसतं. त्याची चमक क्रोमसारखी थंड निळसर नसते, ॲल्युमिनिअमपेक्षाही ती किंचित गडद आणि मवाळ असते. वॉटर पेपर टप्प्याटप्प्याने बारीक करत नेऊन, शेवटी मऊ कापडाच्या चाकावर कमी वेगाने बफिंग केलं की ती येते. ज्या बफिंग चाकावर कधी पोलाद घासलं असेल ते इथे वापरू नये. एवढं सगळं करून आलेली चमक उघडी ठेवली तर दमट हवेत ती लवकरच मंदावते, मग करडी होते. पुन्हा घासावं तर प्रत्येक वेळी थोडा धातू जातो. कडेची धार आणि अक्षरांची कोर पुसट होत जाते. मेणाने थोडे दिवस मिळतात. पारदर्शक लॅकरचा मोह होतो, पण उघड्या मॅग्नेशिअमवर थेट लॅकर मारलं की एखाद्या ओरखड्यातून ओल आत जाते आणि लॅकरखाली कृमींसारख्या पांढऱ्या नागमोडी रेषा पसरू लागतात. त्या थांबवायच्या तर सगळं लॅकर उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

मुळात आरशासारखी चमक ही बहुतांशी नंतरच्या हौसेची देणगी आहे. कारखान्यातून ही चाकं झाकूनच बाहेर पडत. काम्पान्योलोची चाकं चंदेरी किंवा सोनेरी रंगात, मिनिलाइट रंगवलेली, तर शर्यतीच्या कित्येक चाकांवर डाऊ ७ नावाची डायक्रोमेटची प्रक्रिया. या प्रक्रियेतून धातूवर पितळी-तपकिरी छटेचा थर येतो. जाणकार संग्राहक हा रंग दुरून ओळखतात आणि तो शाबूत असेल तर त्याला हात लावू देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. साठ वर्षं तग धरलेला मूळ थर घासून खाली चमकता धातू काढणं म्हणजे अभ्यासाचा पुरावा आणि धातूचं चिलखत, दोन्ही एकदम फेकून देणं. कपाटात ठेवायच्या चाकासाठी पॉलिश ठीक, रस्त्यावर जाणाऱ्यासाठी आवरणच हवं.

पॉलिशचा दुसरा धोका दिसण्याचा नाही, आगीचा आहे. शाळेत मॅग्नेशिअमची फीत पेटवल्यावर डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पाहिलेला असतो. त्या ज्योतीचं तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. अख्खं चाक असं सहज पेटत नाही, कारण जाड धातू उष्णता पसरवून टाकतो आणि ६५० अंशांच्या वितळबिंदूजवळ पोहोचल्याखेरीज तो जळू लागत नाही. कीस आणि भुकटी मात्र ठिणगीची वाट पाहत असतात. ज्या ग्राइंडरवर सकाळी लोखंड घासलं, त्याच ग्राइंडरखाली दुपारी मॅग्नेशिअमची धूळ साठू देणं हे सरळ अपघाताला दिलेलं निमंत्रण आहे. धूळ साचू द्यायची नाही, घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने ओढायची नाही, ओल्या घासकामाचा चिखल बंद डब्यात ठेवायचा नाही, कारण पाण्याशी संयोग होऊन त्यातून हायड्रोजन निघत राहतो. आणि चुकून पेटलंच तर पाणी मारायचं नाही. जळतं मॅग्नेशिअम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सुटलेला हायड्रोजन स्वतः पेटतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही कामाचा नाही, कारण त्या वायूतही हे जळत राहतं. हाताशी पूर्ण कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची डी वर्गाची पावडर हवी.

मोटार शर्यतीच्या इतिहासाने हा धडा भयंकर किंमत देऊन घेतला आहे. ११ जून १९५५ रोजी ल मान इथे पिएर लव्हेग यांची मर्सिडीज ३०० एसएलआर प्रेक्षकांच्या बाजूला फेकली गेली. तिचं शरीर इलेक्ट्रॉन मिश्रधातूचं होतं. आग विझवायला मारलेल्या पाण्याने ती आणखी भडकली. त्या दिवशी ऐंशीहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. मृत्यूंचं मुख्य कारण गर्दीत घुसलेले गाडीचे भाग हे होतं, पण धातूची आग वेगळी असते हे त्या आगीने दाखवून दिलं. लहानशा वर्कशॉपमध्ये एक चाक घासणाऱ्याने हे आठवणीत ठेवायला हवं.

आवरणाचा विषय एका कारणाने नाजूक झाला आहे. जुन्या डायक्रोमेट प्रक्रियांत षट्संयुजी क्रोमिअम असतं आणि ते कर्करोगकारक आहे. घरी बादलीत डायक्रोमेट विरघळवून चाक बुडवण्याच्या पाककृती जुन्या पुस्तकांत सापडतात. त्या तिथेच राहू द्याव्यात. परवाना आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कारखान्यातच ते काम व्हावं. आज त्रिसंयुजी क्रोमिअमचे पर्याय आहेत आणि प्लाझ्माच्या साहाय्याने विद्युत ऑक्सिडीकरण करून मॅग्नेशिअमवर सिरॅमिकसारखा कठीण थर उगवण्याचं तंत्रही आहे. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग मूळ छटेचा रंग, हा रस्त्यावरच्या चाकासाठी भरवशाचा मार्ग. पावडर कोटिंग करायचं असेल तर एक अडचण येते. जुनं ओतकाम सच्छिद्र असतं, त्यात हवा आणि तेल अडकलेलं असतं आणि भट्टीच्या उष्णतेने ते बाहेर पडताना ताज्या थराला फोड आणतं. म्हणून कोटिंगच्या आधी कोरडं चाक एकदा भट्टीत तापवून घेतात. हीच छिद्रं टायरमधली हवाही हळूहळू सोडतात. पूर्वी त्यावर ट्यूब हा उपाय असे, आता आतल्या बाजूने इपॉक्सीने छिद्रं बुजवतात.

चाक तयार झालं की ते पुन्हा शत्रूंच्या सहवासात जातं. हब पोलादी, नट पोलादी, ब्रेक डिस्क बिडाची. जिथे हे धातू मॅग्नेशिअमला टेकतात तिथे रंगाचा अखंड थर आणि ओल अडवणारं ग्रीस असावं. शिशाचे ठोकून बसवायचे बॅलन्सिंग वेट कड ओरबाडतात आणि तिथून सडणं सुरू होतं, म्हणून चिकटवायचे वेट आतल्या बाजूला लावावेत. नटांचा ताण टॉर्क पान्याने ठरल्याप्रमाणे द्यावा आणि थोडं अंतर चालवून पुन्हा तपासावा, कारण ताजा रंग दबून नट सैल पडू शकतो. टायर चढवायला मात्र हे चाक रस्त्यावरच्या कुठल्याही टायरवाल्याकडे सोडू नये. मशीनचा पोलादी जबडा मॅग्नेशिअमच्या कडेला एका फटक्यात जखम करतो.

मुंबई, रत्नागिरी, पणजीसारख्या किनारी गावांतल्या हौशी मालकांना एक जास्तीची खबरदारी लागते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे या धातूला सर्वांत वाईट हवामान. तिथे चाकं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवू नयेत, आत पाणी साकळतं. सिमेंटच्या फरशीवरही थेट ठेवू नयेत, फरशी ओल सोडते. लाकडी घडवंचीवर, मोकळ्या हवेत, मेण लावून आणि महिन्यातून एकदा उलटीपालटी करून पाहिलेली चाकं टिकतात. पांढऱ्या भुकटीचा पहिला ठिपका दिसला की तो तिथेच, तेव्हाच काढून वर रंगाचा ठिपका द्यावा. सहा महिन्यांनी तोच ठिपका रुपयाएवढा खड्डा झालेला असतो.

मॅग्नेशिअम चाकांचा काळ संपलेला नाही. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनच्या सगळ्या संघांना बीबीएसची १८ इंची घडीव मॅग्नेशिअम चाकं सक्तीची झाली. पण घडीव धातूचा कण दाबून एकसंध केलेला असतो, अशुद्धी काटेकोरपणे आवरलेली असते आणि प्रत्येक चाकाचं आयुष्य मोजलेलं असतं. साठ वर्षांपूर्वीच्या वाळूच्या साच्यातल्या चाकाला यांपैकी काहीच मिळालेलं नाही. म्हणूनच युरोप-अमेरिकेतले अनेक जाणते मालक दोन संच ठेवतात. रस्त्यावर आणि ट्रॅकवर त्याच नमुन्याची नवी ॲल्युमिनिअम चाकं, प्रदर्शनाला मूळची मॅग्नेशिअमची. मूळ संचासाठी एक वही ठेवायची पद्धतही चांगली आहे. प्रत्येक चाकाच्या मागे ओतलेला क्रमांक आणि तारीख, कोणत्या वर्षी रंग उतरवला, खाली काय सापडलं, पेनिट्रंटची चाचणी कधी झाली आणि तिचे फोटो, कोणतं आवरण कुणी दिलं, हे सगळं तिच्यात नोंदवायचं. पुढचा मालक चाक बाकावर ठेवील तेव्हा त्याला व्हिनेगरचा थेंबही वापरावा लागू नये, इतकी ती वही नेमकी असावी.